प्लगची क्लेमॅटिस मान टाकते तेव्हा: आधी काय बघायचं, नंतर काय

क्लेमॅटिस ही फुलांची वेल. तिचं प्लगचं, म्हणजे ट्रेच्या छोट्या कप्प्यातल्या गड्ड्यासकट आलेलं, बोटभर रोप लावलं की दोन-तीन आठवडे छान दिसतं, आणि मग एका दुपारी मान टाकतं. जळगाव-भुसावळकडच्या अंगणांत आणि गच्च्यांवर हा प्रकार मी बरीच वर्षं बघते आहे, निस्तरते आहे. बहुतेक वेळा रोप मेलेलं नसतं. ते मरतं ते आपण घाईने केलेल्या उपायांनी. म्हणून आधी रोपाला नेमकं काय होतंय ते नीट बघा. ‘सुकलं’ एवढं सांगून भागत नाही.

लक्षणं

- दुपारी पानं लोंबतात, पण सकाळी पुन्हा ताठ.
- दुपारी लोंबतात आणि सकाळीही तशीच, माती मात्र हाताला ओली लागते.
- एकच फांदी शेंड्यापासून लटकते, पानांची देठं काळी पडतात, शेजारची फांदी हिरवीगार.
- पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत, मधला भाग हिरवा.
- नवी पालवी पिवळट, शिरा तेवढ्या हिरव्या.
- पानांवर बारीक फिके ठिपके, खालच्या बाजूने धूळ बसल्यासारखं.
- सकाळी बघावं तर रोप जमिनीलगत कुरतडून आडवं पडलेलं.
- काहीच नाही. दोन महिने झाले, रोप जसंच्या तसं.

शेवटचं लक्षण आजाराचं नाही. प्लगचं रोप आधी मुळं धरतं, मग वर येतं, आणि क्लेमॅटिस तर या बाबतीत फारच सावकाश. पानं हिरवी असतील तर त्याला हात लावू नका, खतही टाकू नका. कुरतडलेल्या रोपाचं कारण रात्री बॅटरी घेऊन गेलात तर दिसेल: गोगलगाय नाहीतर मातीतली अळी. पाण्याच्या बाटलीचा तळ आणि तोंड कापून उरलेली नळी रोपाभोवती मातीत दोन बोटं खोचून ठेवली की काम होतं. बाकीच्या लक्षणांसाठी पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या तिन्हींना एक पैसा लागत नाही, आणि माझ्याकडे येणारी बरीचशी रोपं तिथेच सावरतात.

१. उदबत्तीची काडी

जळून उरलेली उदबत्तीची काडी घ्या. ती कुंडीच्या कडेला खोचू नका, रोपाच्या अगदी बुडाशी, प्लगच्या गड्ड्यात दीड-दोन इंच खोचा. दहा आकडे मोजा आणि काढा. मग दुसरी काडी कुंडीच्या कडेच्या मातीत खोचा. दोन्ही शेजारी धरून बघा.

कडेची काडी ओली, काळी माती चिकटलेली, आणि मधली कोरडी ठणठणीत निघाली, तर तुमचं दुखणं सापडलं. शेजारच्या काकूंची तीन रोपं अशीच गेली होती. चौथं गेलं तेव्हा त्या कुंडी घेऊनच आल्या. म्हणाल्या, “पानी तं मी रोज टाकस!” खरंच टाकत होत्या. कुंडीतली माती ओलीचिंब होती. मी गड्डा बाहेर काढून मधोमध उकलला, तर आत तपकिरीसारखा कोरडा भुगा. त्यावर चमचाभर पाणी सोडलं. थेंब क्षणभर गोल राहिला आणि घरंगळून खाली गेला, भुग्याला शिवलासुद्धा नाही. रोप ओल्या मातीत तहानेने मरत होतं.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. प्लग भरलेला असतो कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) किंवा पीटने (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या भुशाने). त्याची पोकळी मोठी. आपली काळी माती अगदी बारीक कणांची. पाणी जाड पोकळीतून बारीक पोकळीकडे ओढलं जातं, म्हणून भोवतालची माती थोडी सुकली की ती आधी प्लगमधली ओल शोषून घेते. गड्डा आकसतो, भोवती केसाएवढी फट पडते, आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. पीट तर एकदा कोरडं पडलं की पाणी झिडकारतंच. मिरची-वांग्याच्या ट्रेमधल्या रोपांना हे निभावतं, कारण त्यांची मुळं आठवड्याभरात प्लगबाहेर पडतात. क्लेमॅटिसची मुळं तितकी चपळ नाहीत.

उपाय: कुंडी बादलीत बसवा, पाणी कुंडीच्या काठापर्यंत येऊ द्या. बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटं, राहू द्या. मग काढून पूर्ण निथळू द्या. पुढचा महिनाभर पाणी वाटीने, बुडाशी, प्लगवरच द्या. ठिबक असेल तर ड्रिपर कडेला नको, गड्ड्यावर हवा. फट बोटाने मिटवून घ्या, पण माती ठोकून दाबू नका.

२. दोन्ही काड्या ओल्या असतील तर

दोन्ही काड्या ओल्या निघाल्या, रोप सकाळीही लोंबलेलं आहे आणि मातीला नाल्यासारखा वास येतो, तर पाणी ताबडतोब बंद करा. इथे जास्त पाणी घालणं म्हणजे बुडत्याच्या डोक्यावर घागर ओतणं. मुळांना हवा मिळत नाही, ती पाणी उचलू शकत नाहीत, आणि वरून रोप तहानलेलंच दिसतं. दोन उलट्या दुखण्यांचं तोंड सारखं असतं, म्हणून तर काडीची तपासणी पहिली ठेवली आहे.

कुंडी उचलून खालचं भोक बघा. खापरी चपटी बसून भोक बुजलेलं असतं, किंवा कुंडी गच्चीवर इतकी सपाट टेकलेली असते की पाणी सुटत नाही. कुंडीखाली विटेचे तीन तुकडे सारा. शेतकऱ्याला वाफसा सांगावा लागत नाही: माती ओली, पण हाताला लगदा लागत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकीने फुटतो. क्लेमॅटिसला कायम तेवढंच हवं. निव्वळ काळ्या मातीत ते कुंडीत कधीच जमत नाही. भिजली की चिखल, सुकली की भेगा, आणि भेग पडताना कोवळं मूळ तुटतं.

३. दुपारी तीन वाजता कुंडीला हात लावा

दुपारी लोंबणारं आणि सकाळी ताठ होणारं रोप यात सापडतं. पश्चिमेकडच्या बाजूने कुंडीला तळहात टेकवा. पाच आकडे मोजेपर्यंत टेकवून ठेवता आला नाही, तर आतल्या मुळांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. काळी प्लॅस्टिकची कुंडी आणि खाली तापलेला स्लॅब, यात प्लगचं रोप होळीनंतर तग धरत नाही.

क्लेमॅटिसचं डोकं उजेडात आणि पाय गारव्यात हवेत. आपल्या कडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा डोक्यालाही सावली द्यावीच लागते. कुंडी पूर्वेच्या भिंतीला न्या, म्हणजे दहा-अकरापर्यंतचं ऊन मिळेल आणि पुढचं टळेल. ती कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा. बाहेरून चुना लावा. वर ५० टक्क्यांचं शेडनेट पुरतं, ७५ टक्क्यांच्या जाळीखाली रोप काटकुळं होतं. बुडाशी केळीची सुकी पानं किंवा पाचट अंथरा, पण खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा. ओलं पाचट खोडाला चिकटून राहिलं की कूज तिथूनच सुरू होते.

मुळात लावायची वेळ महत्त्वाची. कोजागिरी ते दत्तजयंती हा काळ सोन्यासारखा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास कुरिअरने रोपं मागवली तर खोक्यातच निम्मी उकडतात. माझी स्वतःची सहा रोपं अशी गेली आहेत. खोकं उघडलं तेव्हा आतून वाफ आली होती.

आणखी एक गोष्ट. माझे दीर केळीवाले. टिश्यूकल्चरचं रोप ते ट्रेमधून थेट शेतात कधी लावत नाहीत, आधी पिशवीत, शेडनेटखाली ते कणखर होऊ देतात. क्लेमॅटिसच्या प्लगला हाच न्याय लावा. ट्रेमधून आधी चार इंची कुंडीत, मुळं तळाशी दिसली की आठ इंचीत, आणि जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत पुढच्या हिवाळ्यात. बोटभर रोप सरळ वीस लिटरच्या कुंडीत लावलं की भोवतालची सगळी ओली माती त्याला पेलत नाही.

४. एकच फांदी लटकली असेल तर

इथे बहुतेक जण मर रोग म्हणून बुरशीनाशक आणायला पळतात. थांबा. लटकलेल्या फांदीवरून बोट हलकेच खाली सरकवत न्या. क्लेमॅटिसची कोवळी फांदी सुतळीएवढी आणि ठिसूळ, वाऱ्याने किंवा करकचून बांधलेल्या दोऱ्याने ती पिचते. पिचल्याची खूण एखादा मण्याएवढा चेमटलेला भाग, आणि त्याच्या वरचं सगळं लोंबलेलं. त्याला औषध नाही आणि ते लागतही नाही. पिचलेल्या जागेखालच्या पेराच्या वर कापा, तिथून दोन नव्या फांद्या येतील.

खरं दुखणं आधाराचं आहे. या वेलीला काकडीसारखे ताणे नसतात, पानाचा देठच आधाराला विळखा घालतो. तो देठ लहान, त्यामुळे बोटाहून जाड बांबूला त्याला वेढा घालता येत नाही. वेल मग लोंबकळत राहते आणि पिचते. सुतळी चालते, मासे पकडायच्या जाळीचा तुकडा चालतो, पण मला सगळ्यात आवडते ती पऱ्हाटी. कापसाची एक वाळकी पऱ्हाटी कुंडीत खोचली की तिच्या बारीक फांद्यांना देठ दोन दिवसांत धरतात. लावण्याआधी तिच्यावरची सगळी बोंडं काढून जाळा, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि शेजारच्या शेतकऱ्याला त्रास आपल्यामुळे नको.

चेमटलेलं काही सापडलं नाही, पानांचे देठ काळे आहेत, खोडावरही काळपट डाग आहे, तर मात्र तो मर रोग. ही बुरशी मोठ्या फुलांच्या संकरित जातींना जास्त धरते. ती खोडाला वेढते, वरचा भाग पाण्यावाचून कोसळतो, पण जमिनीखालचे डोळे सहसा जिवंत असतात. हातमोजे घाला, कारण या वेलीच्या रसाने कातडीची आग होते. कात्री स्पिरिटने पुसा, काळ्या भागाच्या खाली, आतला गाभा हिरवट-पांढरा दिसेल तिथे कापा. गरज पडली तर मातीलगत. कापलेलं जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

आणि रोप उपटू नका. मी होळीनंतर मातीलगत कापलेली एक कुंडी पाण्याच्या माठाशेजारी ठेवून दिली होती. तीन-चार दिवसांनी वाटीभर पाणी, बाकी काही नाही. श्रावणात कानबाईच्या सणावेळी तिच्या कडेने दोन जांभळट कोंब आले. घरातल्यांनी ती कुंडी दोनदा रिकामी करायला काढली होती.

५. पाणी आणि खत

कडा करपलेल्या असतील आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर असेल, तर बोअरचं पाणी बघा. खानदेशात बऱ्याच बोअरचं पाणी जड आहे. उन्हाळ्यात ते रोज थोडं थोडं घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार मुळांशी साठतात. आठवड्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट पाणी एका दमात घालून क्षार खालून वाहू द्या. एसीचं गळलेलं पाणी किंवा पावसाचं साठवलेलं मिळालं तर उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात.

ताजं शेणखत, युरिया, डीएपी यांतलं काहीही प्लगला देऊ नका, करपलेल्या कडांचं हेही एक कारण असतं. शेणखत पूर्ण कुजलेलं, चाळलेलं, तेही कुंडीतल्या एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको.

नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही. म्हणून हिराकस (लोहाचं सल्फेट) मातीत टाकून बहुतेक वाया जातं. चिलेटेड लोहाची, म्हणजे रोपाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, पातळ फवारणी संध्याकाळी करा, प्रमाण पाकिटावर असेल त्याच्या निम्म्याने सुरू करा.

६. पांढरा कागद

ठिपके पडलेलं पान पांढऱ्या कागदावर झटका. हलणारे बारीक कण दिसले तर बोटाने पुसा. लालसर रेघ उमटली तर लाल कोळी आहे. कोरड्या उन्हाळ्यात तो येतोच. पहिले चार-पाच दिवस पानांच्या खालून साध्या पाण्याचा जोराचा फवारा, सकाळी लवकर. बऱ्याचदा एवढ्याने हटतो. नंतर निंबोळी अर्क, तोही संध्याकाळीच, उन्हात पानं भाजतात.

७. रोप बाहेर काढून मुळं बघणं

हे सगळ्यात शेवटी, कारण काढण्यात मूळ तुटतंच आणि बरं होत आलेलं रोप त्याने पुन्हा बसतं. वरच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दहा-बारा दिवस गेले आणि सुधारणा नसेल, तरच. संध्याकाळी काढा, सावलीत.

पांढरट-पिवळसर, टणक मुळं चांगली. तपकिरी मूळ चिमटीत धरून ओढलं आणि वरचं साल मोज्यासारखं निसटून आत नुसता दोरा उरला, तर ती कूज. कुजलेलं सगळं कापा. दोन भाग चाळलेली माती, एक भाग नदीची जाड वाळू, एक भाग कोकोपीट, एक भाग जुनं शेणखत असं मिश्रण करून, ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून, लहान कुंडीत पुन्हा लावा. लहानच. मुळं कुंडीभर गोल फिरलेली दिसली तर तळाशी बोटांनी थोडी सैल करा, ओरबाडू नका.

खोली किती? मोठ्या फुलांच्या जाती एक-दोन पेरं मातीखाली, म्हणजे दोन-अडीच इंच खोल लावतात, कारण वरचं मेलं तरी खालच्या डोळ्यांतून वेल फुटते. पण हे खोड तपकिरी, काष्ठासारखं झाल्यावर. प्लगचं हिरवं कोवळं खोड आपल्या मातीत पुरलं तर ते कुजतं. तोपर्यंत ट्रेमध्ये होतं तेवढ्याच खोलीवर ठेवा.

कुठे थांबायचं

काही रोपं दुरुस्त होण्यासारखी नसतात, आणि यात तुमची चूक नसते. जांभळ्या फुलांची प्रसिद्ध ‘जॅकमनी’ १८६२ मध्ये इंग्लंडमधल्या वोकिंगच्या नर्सरीत पहिल्यांदा फुलली. तिच्यासारख्या मोठ्या फुलांच्या संकरित वेली थंड हिवाळ्याच्या मुलखातल्या. इथे त्या काळजीने जगतात, पण दर उन्हाळ्याला मार खातात. दोनदा लावून दोनदा गेली असेल तर तिसऱ्यांदा पैसे घालू नका. याच कुळातली आपली रानजाई आणि मोरवेल आपल्या डोंगरांत आपोआप वाढतात. फुलं लहान आणि पांढरी, पण नंतर येणाऱ्या पिसांसारख्या बिया हिवाळ्याच्या उन्हात चमकतात तेव्हा मला त्या जॅकमनीपेक्षा कमी वाटत नाहीत. रानातून वेल उपटून आणू नका, पिकलेलं बी थोडंसं आणा.

खाली सांगितलेल्या वेळी मात्र घरगुती उपाय बंद करा आणि जाणकाराकडे जा:

- मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या. हे सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अतिबारीक कृमी, असू शकतात. ती माती घरातल्या दुसऱ्या कुंडीत जाता कामा नये.
- एकाच जागी लागोपाठ तिसरं रोप गेलं, किंवा क्लेमॅटिसबरोबर शेजारची वांगी, पपईही मान टाकू लागली.
- बुरशीनाशक मुळांशी ओतायचं मनात आलं. कोणती बुरशी ते कळल्याशिवाय ओतू नका, मुलं आणि मांजरं त्याच अंगणात असतात.
- रस डोळ्यात गेला किंवा हातावर फोड आले. भरपूर पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. तिथे फोटो दाखवून फारसं कळत नाही. रोप मुळांसकट, मातीच्या गोळ्यासकट न्या, आणि पूर्ण मरायच्या आधी न्या. वाळून कोळ झालेल्या रोपावर आधी कोणत्या रोगाची बुरशी होती ते ओळखणं अवघड जातं. गोळा वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून नको, आत घाम सुटून सगळंच कुजतं. त्याच जागची सहा इंच खोलीवरची अर्धा किलो माती वेगळी घ्या, आणि बोअरचं पाणी दहा मिनिटं वाहू दिल्यावर स्वच्छ बाटलीत भरून घ्या. कधी लावलं, पाणी किती दिलं, काय काय टाकलं ते चिठ्ठीवर लिहा, टाकलेलं औषध लपवू नका. आणि सकाळीच निघा. दुपारपर्यंत गाडीच्या डिकीत राहिलेला नमुना उकडून जातो, मग तिथे कोणालाच काही सांगता येत नाही.